अंधारघराची राखण

मी एक जुने अस्तर आहे. कोटाचे नाही, उशीचे नाही, दप्तराचेही नाही. मी एका बाईच्या गर्भाशयाचे आतले अस्तर आहे. मित्रांनो, हे वाचून इकडेतिकडे बघू नका आणि पान झाकू नका. माझ्यासारख्या एखाद्या अस्तरावर पाठ टेकून वाढला नाही असा तुमच्यात एकही जण सापडायचा नाही. महिनेन्‌महिने राहिलात, पाय ताणून ताणून लाथा झाडल्यात, आणि निघताना साधे 'येतो' म्हणाला नाहीत. असू द्या. पाहुण्यांवर रुसायला मला सवड कुठे आहे? आज माझे अंग सोललेले आहे, तापाने घर तापलेले आहे, आणि बोलायचे ते आजच बोलून घेतले पाहिजे.

जुने तरी मी स्वतःला कसे म्हणू? वय विचाराल तर बाईच्या वयाएवढे. अंग पाहाल तर महिन्याभराचे. वरचा थर मी दर महिन्याला टाकून देते आणि तळच्या थरातून पुन्हा उगवते, कापलेले गवत मुळातून उगवावे तसे. हात भाजला तर तुमच्या कातडीवर डाग राहतो. मी दर महिन्याला उघडी जखम होते आणि डाग न ठेवता भरून येते. अशी करामत शरीरात दुसऱ्या कोणाला जमत असेल तर त्याने पुढे यावे.

मला डोळे नाहीत, तोंड नाही. आवाज मात्र तिच्या हाडामांसातून झिरपत माझ्यापर्यंत येतात, म्हणून सगळे ऐकू येते; ती जे बघते तेही रक्तातून मला कळते. उत्तर देता येत नाही. माझ्या भाषेत दोनच शब्द आहेत, दुखणे आणि ताप. एवढ्या दोन शब्दांत मला सगळे सांगावे लागते, आणि माणसे त्या दोन शब्दांवर गोळी घेतात.

ती स्वतः आईच्या पोटात होती, तेव्हाच माझा पहिला पातळ थर अंथरला गेला. मग बरीच वर्षे मी झोपून काढली. तिचे दुधाचे दात पडले, गुडघे फुटले, ती पाढे शिकली, मला पत्ता नाही. एके दिवशी रक्तातून निरोप आला, "ऊठ, दाट हो, कोणी येईल." मी उठले, दाट झाले, मऊ झाले. कोणी आले नाही. तेव्हा मी अंथरूण गुंडाळले आणि दाराबाहेर टाकले. ती पोरगी ते रक्त पाहून हंबरडा फोडून रडली. तिची मावशी धावत आली आणि हसून म्हणाली, "अगं वेडे, रडतेस काय? सगळ्यांनाच येतं. आतली घाण निघून जाते, बरंच असतं ते."

मावशीच्या मनात माया होती. पण 'घाण' हा शब्द त्या दिवशी पोरीच्या कानातून आत आला आणि माझ्या शेजारी बिऱ्हाड करून राहिला. पुढचे सगळे त्या शब्दाने केले.

मित्रांनो, घाण कशाला म्हणतात ते मला चांगले ठाऊक आहे, कारण तिच्याशी माझे जन्माचे वैर. आमचे घर मुठीएवढे. त्याला बाहेरच्या जगाकडे एकच दार, खाली, आणि त्या दारावर चिकट बुळबुळीत पडदा. त्या दारातून जंतू वर चढू पाहतात. मी त्यांना अडवते. कशाने? माझ्या प्रत्येक पेशीच्या पदराला शस्त्रे बांधलेली आहेत. इतकुल्या साखळ्या असतात. त्या जंतूच्या कवचाला चिकटतात आणि त्याला भोके पाडतात, की जंतू फुटक्या मडक्यासारखा गळून जातो. दुसरे एक रसायन आहे, ते तुमच्या आसवांतही असते, थुंकीतही असते. ते जंतूची भिंत कुरतडते. तिसरे फार हुशार आहे. ते कोणाला मारत नाही, फक्त सगळे लोह उचलून लपवून ठेवते. जंतूला वाढायला लोह लागते, ते मिळाले नाही की बसला उपाशी. आणि चौथे आहे ते लढाईनंतर माझ्याच भाजलेल्या अंगावर फुंकर घालते. ज्या दिवसांत मी उघडी जखम असते, त्या दिवसांत ही शस्त्रे मी जास्त गाळते. मावशी ज्याला घाण म्हणाली, त्या रक्तात माझे निम्मे सैन्य होते.

खालच्या बोळात माझे शेजारी राहतात. तेही जंतूच आहेत, पण घरचे. स्वभावाने आंबट. ते इतका आंबटपणा करून ठेवतात की परक्या जंतूंना बोळात पाय ठेववत नाही. मी वर राखण करते, ते खाली. आमच्यात कधी भांडण नाही.

अंधाराच्या घरामध्ये नाही दिवा नाही वात
तिथे माझी राखण गं चाले दिवस नि रात

पोरगी मोठी झाली आणि इस्पितळात कामाला लागली. तळमजल्यावर एक खोली होती. ऑपरेशनची वापरलेली हत्यारे त्या खोलीत येत. कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी, वाट्या. ती हातमोजे घालून हत्यारे भिजवायची, ब्रशने खाचाखाचांतून घासायची, उजेडाला धरून बघायची, मग ट्रेमध्ये रचून कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची. बांधणीवर एक पट्टी चिकटवलेली असे. वाफ नीट लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटत. रेघा काळ्या झाल्या की माल निर्जंतुक. रेघा पाहून तिला जे समाधान व्हायचे ते मला इथे खाली पोटात ऊबेसारखे जाणवायचे.

खोलीतल्या सगळ्यांनी तिचे नाव 'लख्ख' पाडले होते. "लख्ख, तू वर गेलीस ना, तर यमाला म्हणशील, आधी हात दाखवा!" अशी चेष्टा चाले. इन्चार्ज सिस्टर कडक होत्या, पण लख्खच्या ट्रेला त्या दुसऱ्यांदा हात लावत नसत.

त्या खोलीचा एक नियम होता. वरच्या मजल्यावर एखाद्या रुग्णाची जखम चिघळली की पहिला प्रश्न खाली येई, "धुण्यात काही राहिलं का?" मग सगळ्याजणी माना खाली घालून ट्रे तपासत. दोष हत्याराचा नसे, नशिबाचा नसे. धुण्यात काहीतरी राहिले असे. ही शिकवण तिथे फार चांगली होती. ती तिने घरी आणली, तिथे घात झाला.

लग्न झाले. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, अबोल, नखांत कायम काळे वंगण. थोरली नणंद त्यांच्याकडेच राहायची. ती शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवायचे-उतरवायचे काम करी. दिवसभर ओरडून तिचा गळा बसलेला असे आणि बसलेल्या गळ्यानेही ती गप्प बसत नसे. "माझ्या भावाला लग्नात साबणाची वडी आंदण मिळाली हो!" असे ती शेजारणींना सांगे. "आमच्या घरात पालसुद्धा पाय पुसून येते."

"वन्सं, तुम्ही तेवढे पाय पुसा, पालीचं मी बघते," लख्ख म्हणायची, आणि दोघी खिदळायच्या. हसू आले की मी सुद्धा हलायची. ते दिवस चांगले होते.

मग एकदा पाहुणा आला.

पाहुणा येतो तेव्हा काय होते, ते सांगते. तो निम्मा बाईचा असतो, निम्मा परका. माझी शस्त्रे परके पाहिले की उठणारी. म्हणून त्याच्या वाटेवरची शस्त्रे मला थोडी म्यान करावी लागतात. राखणदाराने आपणहून काठी खाली ठेवायची आणि त्याच वेळी दाराकडे डोळा ठेवायचा, असे ते अवघड दिवस.

पाहुणा गं कोण आला, तिळाहून तो लहान
त्याच्यापायी शस्त्र माझे ठेविले मी गं गहाण

तो रुजला. पण त्याच्या घडणीतच काही चुकले होते. अशी चूक पुष्कळदा होते, त्यात कोणाचा हात नसतो. थोड्याच दिवसांत तो सुटला आणि माझ्यासकट वाहून गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. तुमचं काही चुकलेलं नाही. पुन्हा होईल." नवऱ्याने डोक्यावरून हात फिरवला. नणंदेने कधी नव्हे ते तोंड मिटले आणि घरातले सगळे काम ओढून घेतले.

लख्ख कोणाचेच ऐकत नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिच्या छातीतून एकच प्रश्न खाली टपकत होता. धुण्यात काही राहिलं का?

कामावर परतल्यावर ती ट्रेवरच्या काळ्या रेघांकडे बघत उभी राही. एकदा सोबतिणीला म्हणाली, "आपल्या आत अशी पट्टी चिकटवता आली असती तर बरं झालं असतं, नाही? कळलं तरी असतं."

"आत कुठं? डोक्यात?" सोबतीण हसली. लख्ख हसली नाही.

त्या आठवड्यात तिने दुकानातून जंतुनाशकाची बाटली आणली, आणि एक रबरी फुगा, लांब नळीचा. कामावर हत्यारांसाठी जसे माप घ्यायची तसे माप घेऊन तिने औषध पाण्यात मिसळले. न्हाणीघराची कडी लावली. आणि माझ्या घरात पूर आला.

मित्रांनो, तो पहिला दिवस मला आठवतो तेव्हा आजही मी आकसते. औषधाला आपपर कळत नाही. खालच्या बोळातले माझे आंबट शेजारी एकेक करून मेले. पिढ्यान्‌पिढ्या राहत होते बिचारे. दारावरचा पडदा विरला. औषधाचा लोंढा दारापर्यंत आला, वर माझ्या काठाला झोंबला, आणि मी गाळलेली शस्त्रे जागच्या जागी धुऊन गेली. मी ओरडले, म्हणजे दुखले. ती दात आवळून पुटपुटली, "झोंबतंय म्हणजे लागतंय औषध. जाईल आता सगळी घाण."

रोज कडी लागे. रोज पूर. शेजारी मेल्यावर बोळ ओस पडला, आणि ओस घरात कोण शिरते ते तुम्हाला माहीत आहे. उपरे आले. त्यांनी दुर्गंध सोडला, पांढरे पाणी सोडले. तिला वास आला. ती आणखी धुवू लागली. जितके धुवावे तितके उपरे वाढत, जितके उपरे वाढत तितके ती धुवी. मी मधे, तळच्या थरातून उगवायची, शस्त्रे गाळायची, पूर यायचा, पुन्हा उगवायची. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढावे आणि पोहऱ्याला बूडच नसावे, तसे माझे झाले होते. "थांब गं," म्हणायचे होते. "मी जिवंत आहे, मी ट्रे नाही." पण शब्द दोनच. दुखणे वाढवले, तिने गोळी घेतली. कुठे सांगावे, कोणाला सांगावे?

आणि ती वाईट नव्हती हो! हेच तर माझे खरे रडणे आहे. दुष्टाशी लढता येते. जी आपल्याला जीव लावून मारते आहे तिच्याशी कसे लढायचे?

अशा त्या उजाड घरात, कसा कोण जाणे, दुसरा पाहुणा आला. मी थरथरत काठी खाली ठेवली. दुसरा इलाज नव्हता. मी उरलासुरला सगळा मऊपणा त्याच्याखाली अंथरला. तो रुजला, आणि टिकला. त्याचे काळीज धडधडू लागले, मुंगीच्या पावलांएवढे. ते ऐकून मी वेडीपिशी झाले. लख्खही झाली. आणि आनंदाच्या भरात तिने ठरवले की या वेळी जराही कसूर करायची नाही. रोज एकदा धुवायची ती दोनदा धुऊ लागली.

तपासणीला ती नेमाने जाई. डॉक्टरीणबाई विचारत, "जेवण नीट आहे ना? वजन उचलत नाही ना? झोप?" ती सगळ्याची खरी उत्तरे देई. धुण्याचे तिने सांगितले नाही. लपवले असेही नाही. दात घासतो हे कोणी डॉक्टरांना सांगते का? तिच्या लेखी ते तसेच होते. आणि वासाचे सांगायची तिला लाज वाटे. लख्खला वास येतो म्हणजे काय! मी आत तडफडत होते, "विचारा हो बाई, एकदा विचारा!" डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर रांग लागलेली असे. पुढची बाई आत येई.

पाहुणा वाढला. तो पाण्याच्या पिशवीत तरंगत होता. त्या पिशवीचे पडदेही माझ्यासारखीच शस्त्रे गाळतात. पण उपऱ्यांनी दाराचा चिकट पडदा ओलांडला होता. ते माझ्या आणि पिशवीच्या मधल्या फटीत शिरले. मी शस्त्रे गाळली. लोह लपवले. भोके पाडली. एक पाडला की दहा चढत. आणि खालून, रोज दोनदा, तो पूर. मग मी दुसरा शब्द काढला, शेवटचा. ताप.

त्या सकाळी ती कामावर ट्रे बांधत होती. बांधता बांधता तिचे हात थडथड उडू लागले. एक चिमटा फरशीवर पडला. लख्खच्या हातून हत्यार पडले, तशी सगळी खोली वळून बघू लागली. इन्चार्ज सिस्टरनी तिच्या कपाळाला हात लावला.

"अगं, तू तापानं फणफणली आहेस!"

"नाही सिस्टर, यंत्राच्या वाफेनं गरम झालंय."

"वाफेनं दात वाजत नाहीत. चल वर."

"तो चिमटा परत धुवायला टाकते, मग..."

"चिमटा गेला खड्ड्यात!" सिस्टरनी तिला खांद्याला धरून चाकाच्या खुर्चीत बसवले.

वरच्या मजल्यावर खाटेवर निजवले. नणंद शाळेच्या बसमधून तशीच धावत आली, पायात दोन वेगळ्या चपला. नवरा कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यातून निघून आला होता. तो दारात थबकला, आपल्या काळ्या हातांकडे बघून "हात धुऊन येतो" म्हणाला आणि बाहेरच्या नळाला जाऊन हात धूतच राहिला. वंगण निघेना. त्याचे ते नळाखालचे हात घासणे किती तरी वेळ ऐकू येत होते.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवले. पाहुण्याचे काळीज खोलीभर ऐकू आले. फार जोरात पळत होते, पाठीमागे कोणी लागल्यासारखे. बाईंनी भुवया आवळल्या. आतून तपासायला ट्रे मागवला. कापड सोडताना त्यांनी पट्टीवरच्या रेघा पाहिल्या आणि तिला धीर द्यावा म्हणून म्हणाल्या, "हा तर तुमच्याच हातचा ट्रे. तुम्ही बांधलेला असला की मी डोळे मिटून उघडते बघा."

त्या कौतुकाने लख्खचा बांध फुटला.

"मग माझंच असं का होतं, डॉक्टर?" ती तापाने जड झालेल्या जिभेने ओरडली. "मी आतूनसुद्धा असंच ठेवलंय! लख्ख! मागचं गेलं तेव्हापासून रोज धुतेय, औषध घालून, मापात. ह्या वेळी तर दोनदा. एक दिवस चुकवला नाही मी. मग घाण राहिली कुठं? सांगा ना, धुण्यात काय राहिलं?"

डॉक्टरीणबाईंचा हात ट्रेवरच थांबला. "कशानं धुता?"

तिने सांगितले. रबरी फुग्याचेही सांगितले. अभिमानाने सांगितले हो, तक्रारीच्या सुरात. नणंदेने कपाळावर हात मारला. तिचा बसलेला गळा आणखीच फाटला. "अगं बया... मला वाटायचं तू न्हाणीघरात रडतेस. एवढा वेळ! म्हणून मी दार वाजवत नव्हते. म्हटलं, मोकळी होऊ दे पोर."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. रागावल्या नाहीत. मला वाटले होते रागावतील.

"चिमटा मेलेला असतो," त्या हळू म्हणाल्या. "त्याला स्वतःचं काही करता येत नाही, म्हणून आपण धुतो. तुमच्या आत जे आहे ते जिवंत आहे. ते स्वतःला स्वतः राखतं. जंतू मारायची त्याची स्वतःची औषधं असतात, आपल्या बाटलीहून शहाणी. आपण ती धुऊन टाकली की ते निःशस्त्र होतं. तुम्ही घाण नव्हता काढत. तुम्ही पहारा काढत होता."

लख्ख कोपरावर उठू लागली. मग तिने विचारले, "म्हणजे मागचंही... मीच?"

"नाही. मागचं तुम्ही धुवायला लागायच्या आधीचं. ते तुमच्यामुळे नाही गेलं. आणि हे अजून गेलेलं नाही. काय झालं ते आता कळलंय, आता औषधाचा नेम धरता येईल."

माझे नाव न घेता का होईना, माझ्या बाजूने कोणी बोलले, ते आयुष्यात पहिल्यांदा. पण ऐकून हरखायला मला उसंत नव्हती. शिरेतून औषध आले. हे औषध वेगळे होते. ते रक्तातून, माझ्या पाठीमागून आले आणि उपऱ्यांवर तुटून पडले. मी उठले. आम्ही दोघांनी मिळून फट लढवली. पण फार उशीर झाला होता. पिशवीचे पडदे आधीच सडून पातळ झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टर फेरीवर असताना, पिशवी फुटली.

पाहुणा, म्हणजे पाहुणी निघाली ती, वेळेच्या फार आधी निघाली. मी तिला धरून ठेवायचा प्रयत्न केला. घराची भिंत आवळत होती, मी नको नको म्हणत होते. नाळ आणि वार यांच्याबरोबर माझा वरचा सगळा थर सोलून गेला. ताटलीएवढी जखम उघडी पडली. आणि तिचे काळीज, जे इतके दिवस मला आतून ऐकू येई, ते एकाएकी बंद झाले. माझ्या घरात असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग बाहेरून, फार लांबून, एक बारीक आवाज आला. मांजराच्या पिलाएवढा. ती रडत होती.

तिला काचेच्या पेटीत ठेवले आहे. तळहाताहून जरा मोठी आहे म्हणे. नणंद खिडकीतून बघून आली आणि म्हणाली, "नाक भावाचं आहे. एवढ्याशा देहात नाकच तेवढं दिसतं." हसायला कोणी तयार नव्हते, ती स्वतःही नाही.

आज सकाळी बाळांच्या खोलीतली परिचारिका एक छोटी वाटी घेऊन आली. "थोडा चीक, पहिलं दूध, काढून द्या. चार थेंब निघाले तरी चालतील. नळीनं पोटात घालू."

लख्ख उठून बसली. हात धुतले, पुन्हा धुतले. मोठ्या कष्टाने वाटीच्या तळाशी थोडे पिवळे दाट थेंब जमले. आणि तिने सवयीने विचारले, "आता उकळून आणू ना? वन्सं, स्टोव्ह कुठं मिळेल बघा."

"उकळायचं नाही," परिचारिका म्हणाली.

"अहो, इवलीशी आहे ती! तिला कच्चं कसं द्यायचं?"

"वाटी उकळलेली आहे. चीक नाही उकळायचा. त्यात तुमच्या अंगातले राखणदार आहेत. उकळलात तर मरतील, आणि तिच्याजवळ स्वतःचे अजून नाहीत."

मित्रांनो, तेव्हा मी त्या थेंबांकडे कान लावला, आणि मला माझी माणसे ओळखू आली. जंतूची भिंत कुरतडणारे ते, लोह लपवणारे ते, भोके पाडणाऱ्या इतकुल्या साखळ्या. जे मी इथे गाळते, तेच तिची छाती तिथे गाळत होती. आम्ही चुलत बहिणी निघालो, एकाच घरात राहून कधी भेटलो नव्हतो.

लख्ख वाटी धरून बसली होती. तिच्या हातांनी जन्मभर काही न उकळता, न घासता, न बांधता कोणाला दिले नव्हते. परिचारिका थांबली. दारात नवरा थांबला. शेवटी लख्खने डोळे मिटले आणि वाटी तशीच पुढे केली.

मित्रांनो, तुमच्यातल्या मुलींनो आणि मुलांनो, मी तुमच्या पाया पडते. हात धुवा, भांडी धुवा, जखम धुवा. पण जे आत आहे आणि आपले आपण राखून आहे, त्याला घाण म्हणू नका. घाण म्हटले की माणूस ते खरवडायला निघतो. अंगातले काही दुखले, काही वेगळे वाटले, तर लाजेने कडी लावून घेऊ नका. आईला सांगा, डॉक्टरांना सांगा, ते विचारतील याची वाट पाहू नका. कारण आम्ही आतले, आम्हाला शब्द दोनच येतात. बाकीचे शब्द तुमच्याजवळ आहेत.

ती परिचारिका वाटी घेऊन जिना चढते आहे. मला जखमेचा ठणका आहे, ताप उतरला की नाही ते अजून कोणी सांगत नाही, आणि माझ्या तळच्या थरात किती बळ उरले आहे ते माझे मलाच ठाऊक नाही. वर काचेच्या पेटीत एवढेसे पोट रिकामे आहे. जा रे वाटीतल्या राखणदारांनो, लवकर जा. इथले मी बघते. तुम्ही तिच्याजवळ उभे राहा.